डोळे मिटा, काका

२०२५ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. विजापूर रोडच्या अलीकडं एका सेवा केंद्रात, तापलेल्या पत्र्याखाली, एका पोरानं माझ्या नाकासमोर मोबाईल धरला आणि म्हणाला, "काका, डोळे मिटा."

मी दचकलो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला असं तोंडावर कुणी म्हणत नाही. डोळे मिटल्यावर पुढं काय काय होतं, कुणाकुणाला फोन जातात, बांबू आणि मडकं कुठं मिळतं, हे आमच्या सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"कशाला रे बाबा?"

"तुम्ही जिवंत हाय का, ते बघायलंय."

म्हणजे ज्या क्रियेनं माणूस गेल्याचं अख्ख्या मराठी मुलखाला कळतं, त्याच क्रियेनं तो असल्याचं यंत्राला कळतं. मी डोळे मिटले. पोरगं म्हणालं, "आता उघडा की! मिटूनच बसलाव." उघडले. यंत्राचं समाधान झालं नाही. मग कळलं की नुसतं मिटायचं नाही, पापणी लववायची. समोरचा माणूस आहे की कुणी फोटो धरलाय, हे त्यावरून ते ओळखतं. फोटो पापणी लववत नाही. हुशार आहे, मान्य. आधी मी ज्या बँकेत हयातीचा दाखला द्यायचो, तिथल्या साहेबांनी मान वर करून माझ्याकडं कधी बघितलंच नव्हतं. मी घरून फोटो पाठवला असता तरी चाललं असतं.

तिसऱ्या खेपेला यंत्रानं माझ्या डोक्यावरून नजर टाकली आणि मागच्या फ्लेक्सवरच्या एका भावी नगरसेवकाला हिरव्या चौकटीत धरलं. वाढदिवसाचा फ्लेक्स होता, चेहरा माझ्यापेक्षा मोठा आणि उजळ. तो हसत होता, पण पापणी लववत नव्हता. तो हयात नाही असं यंत्राचं मत पडलं आणि माझा अर्ज नामंजूर झाला.

पेन्शनवाल्यांना हे नवं नाही. दर नोव्हेंबरात आपण अजून आहोत असं सरकारला कळवावं लागतं. २०१४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं 'जीवन प्रमाण' काढलं आणि अंगठा लावून हयात राहण्याची सोय झाली. २०२१ च्या नोव्हेंबरापासून चेहरा दाखवूनही होता येतं. सोय मोठी आहे, उगाच नावं ठेवणार नाही. माझा एक मित्र अंथरुणाला खिळलाय. पूर्वी त्याला दर वर्षी खुर्चीत घालून, चौघांनी उचलून बँकेत न्यायचे. रस्त्यावरचे लोक हात जोडायचे, आणि तो आतून रागानं हात हलवायचा. आता जावई मोबाईल काढतो, पाच मिनिटांत काम होतं. तेव्हा यंत्र वाईट असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं जरा वेगळं आहे आणि ते सांगायला मला माझं पूर्वचरित्र सांगावं लागेल.

मी चौतीस वर्षं एका सरकारी कार्यालयात कारकून होतो. कुठल्या, ते सांगत नाही; तिथं अजून माणसं कामावर आहेत आणि मला अजून दाखले लागतात. 'नाही' म्हणणं हा माझा व्यवसाय. अर्थात थेट 'नाही' कधीच म्हणालो नाही. कच्चे कारकून तसं म्हणतात. मी म्हणायचो, "साहेब दौऱ्यावर आहेत." "एक झेरॉक्स कमी पडतीय." "त्रुटी आहे, पूर्तता करा." "हे आमच्याकडं येत नाही, वरच्या मजल्यावर विचारा." आमचं कार्यालय बैठं होतं, वरचा मजलाच नव्हता, पण माणसं जिना शोधायला जायची आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी व्हायची.

आता त्या कामाला कृत्रिम बुद्धिमत्ता येणार म्हणतात, तर माझ्या जागेवर येणाऱ्या माणसाकडं बघावं तसं मी तिच्याकडं बघतो. अर्ज वाचणं, नावं जुळवणं, कोण पात्र आणि कोण अपात्र हे ठरवणं, सगळं ती माझ्यापेक्षा झपाट्यानं करते. चहाला जात नाही, पानाला जात नाही. पण तिच्याजवळ एक गोष्ट नाही, जी माझ्याजवळ नाईलाजानं होती. माझ्या टेबलावर लाकडी पाटी होती आणि तिच्यावर माझं नाव होतं.

त्या पाटीनं माझा फार छळ केला. एकदा एका बाईचा कागद मी चार महिने दाबून ठेवला होता. लाचेसाठी नव्हे, निव्वळ आळस. ती लक्ष्मी मंडईत भाजी विकायची. आमची ही तिथं कोथिंबीर घ्यायला गेली, तर बाईनं जुडी हातात दिलीच नाही. म्हणाली, "आधी तुमच्या मालकांना सांगा माझा कागद द्यायला, मग कोथिंबीर." आमच्याकडं 'मालक' हा शब्द नवऱ्यालाही लागतो आणि रस्त्यावरच्या कुणालाही लागतो, पण त्या दिवशी तो नेमका मलाच लागला. कार्यालयाच्या तीन स्मरणपत्रांनी जे झालं नव्हतं, ते कोथिंबिरीच्या एका जुडीनं केलं. दुसऱ्या दिवशी कागद निघाला. यंत्राला बायको नसते. असलीच, तर ती लक्ष्मी मंडईत जात नाही.

तर सेवा केंद्रात सर्व्हर बसला होता आणि आम्हीही बसलो होतो. माझ्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर एक अक्का होत्या. घरी तेलुगू, बाजारात मराठी, गड्ड्याच्या जत्रेत कन्नड आणि यंत्रापुढं तिन्ही भाषांत गप्प. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून आल्या होत्या. विडी कामगार बायकांनी मोर्चे काढकाढून मिळवलेली ती दहा हजार घरांची वसाहत. अक्कांना पेन्शन हजार रुपये. २०१४ साली भविष्य निधीची किमान पेन्शन हजार ठरली, ती त्या नोव्हेंबरातही तिथंच बसून होती, सर्व्हरसारखी.

अक्कांचा चेहरा यंत्राला पटेना म्हणून पोरानं अंगठ्याचं मशीन काढलं. लाल दिवा. दुसरा अंगठा. लाल. मग तर्जनी, मग मधलं, असं करत दहाही बोटं झाली.

"अक्का, बोटावर रेघाच नाहीत की."

"रेघा विडीत गेल्या बाबा," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "अण्णा, माझा अंगठा कवाचा मेलाय. मी तेवढी राहिलीय."

कारकुनाला आकडा दिसला की हात शिवशिवतो. विडीची मजुरी हजारावर असते, म्हणून मी हजारानंच हिशेब धरला. रोजच्या हजार, वर्षाचे तीनशे दिवस, चाळीस वर्षं. एक कोटी वीस लाख विड्या झाल्या. प्रत्येक विडीला पान वळायचं, टोक नखानं मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. एक कोटी वीस लाख वेळा चिमूट घासल्यावर तिथं रेघ उरेल कशी? देशानं ओळख म्हणून नेमकी तीच जागा मागितली, जी या बाईनं पोटासाठी आधीच खर्च केली होती. सोलापुरात अशा हजारो बायका आहेत. ज्यानं कुणी मशीन बनवलं, त्याच्या आईनं विड्या वळल्या नसणार. एवढंच. वाईट हेतू कुणाचाच नाही.

मला अक्कांच्या बोटांपेक्षा त्यांचं पुढचं बोलणं जास्त लागलं. कारखान्यात विड्या द्यायला गेलं की चेकर सुपात हात घालायचा आणि छाट काढायचा. ही आखूड, ही सैल, हिचं पान फाटकं. छाटीचे पैसे नाहीत. "पर आमी भांडायचो," अक्का म्हणाल्या. "ही काय वाईट हाय, दाखव की, म्हनायचो. मंग तेला दाखवावं लागायचं. धा छाट काढला की चार परत घालायचा सुपात. आता हे मशीन," त्यांनी लाल दिव्याकडं हनुवटी केली, "माझाच छाट काढतंय आणि दाखवत न्हाई."

चौतीस वर्षांच्या नोकरीत एवढी नेमकी टिपणी माझ्या हातून एकदाही झाली नाही.

निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी नाद लागतो. कुणी ज्येष्ठ नागरिक संघात भाषणं करतो, कुणी सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारतो. मी फाईल उघडली. 'विषय : यंत्रांनी घातलेले घोळ व त्यांचे निराकरण.' पेपरातली कात्रणं आवक क्रमांक घालून लावतो. निराकरणाची बाजू अजून पातळ आहे. सर्व्हर येईना तेव्हा मी पिशवीतून ती फाईल काढली आणि अक्कांना एकेक कागद वाचून दाखवू लागलो.

पहिला कागद हरियाणातल्या रोहतकचा. सप्टेंबर २०२२. १०२ वर्षांचे एक आजोबा. सरकारच्या कुटुंब ओळखपत्राच्या नोंदीत ते मयत निघाले आणि पेन्शन बंद झाली. आजोबांनी अर्जफाटे केले, उपयोग होईना. मग त्यांनी वरात काढली. गळ्यात नोटांची माळ, बसायला रथ, पुढं बँड आणि हातात पाटी : 'थारा फूफा अभी ज़िंदा है'. अक्का खुदकन हसल्या. म्हणाल्या, "नवरी कोन?" मी म्हटलं, नवरी नव्हती, पेन्शन होती. ती मात्र मिळाली म्हणे.

यंत्राला एकट्याला दोष देऊ नये म्हणून दुसरा कागद मी मुद्दाम लावलाय. उत्तर प्रदेशातल्या आझमगढचे लालबिहारी. १९७६ च्या सुमाराला महसुली दप्तरात त्यांना मयत दाखवलं गेलं. भाऊबंदकीतला जमिनीचा मामला. तिथं ना संगणक ना बुद्धिमत्ता, कृत्रिम किंवा अस्सल. साधा लेखणीवाला माणूस. त्या मृताला परत जिवंत व्हायला १९९४ साल उजाडावं लागलं. मधल्या काळात त्यांनी नावापुढं 'मृतक' लावलं, मृतकांचा संघ काढला, निवडणुका लढवल्या. तेव्हा आमची जात यंत्रापेक्षा दयाळू होती, असा माझा दावा नाही. फरक एवढाच की आम्ही एका दिवसात एकाच माणसाला मारू शकायचो. दुसऱ्यासाठी नवा कागद लागायचा.

तिसरा कागद तेलंगणाचा, आणि तो ऐकताना अक्का सावरून बसल्या, कारण ते त्यांचं माहेरचं राज्य. तिथं 'समग्र वेदिका' नावाची प्रणाली आहे. वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी ती एकमेकींशी ताडते आणि हा माणूस म्हणजेच तो माणूस असं ठरवते. एका गरीब विधवेचं रेशन या प्रणालीमुळं अडलं. नवरा आयुष्यभर सायकलरिक्षा ओढत होता. प्रणालीनं त्याचं नाव त्याच्यासारख्याच नावाच्या दुसऱ्या माणसाशी जुळवलं आणि त्या दुसऱ्याकडं मोटार होती. झालं. रिक्षावाला मोटारवाला ठरला. बाईनं नाही नाही म्हणून सांगितलं, पण समोरचा माणूस म्हणतो, संगणकात आहे. तिथं २०१६ पासून रद्द झालेली सुमारे १९ लाख रेशनकार्डं परत तपासा, असं शेवटी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

आता नावं जुळवण्याचा हा खेळ सोलापूरच्या पूर्वभागात खेळून बघा. अशोक चौकापासून पुढं दाजी पेठ, साखर पेठेपर्यंत जा. एकाच बाईचं नाव रेशनकार्डावर लक्ष्मीबाई, आधारवर लक्ष्मम्मा, बँकेत लक्ष्मी आणि मतदार यादीत लक्षुंबाई. आजोबा नरसय्या, नर्सय्या आणि नरसिंह हे तिघं एकाच धोतरात. आडनाव तेलुगूत लिहिलं तर एक, मराठीत आलं की दुसरं, इंग्रजीतून परत मराठीत आलं की ओळखू न येणारं. आमच्या कार्यालयात हा गुंता एक म्हातारा शिपाई सोडवायचा. नाव ऐकून सांगायचा, "साहेब, ही यंत्रमागवाल्याची थोरली सून. ही आणि ती एकच." त्याला चार भाषा येत होत्या आणि सही एकाही भाषेत येत नव्हती. निवृत्त झाला तेव्हा आम्ही त्याला नारळ आणि सोलापुरी चादर दिली. त्याच्या जागी कुणाला नेमलं नाही. पद अनावश्यक म्हणून रद्द झालं. त्या पदाचं काम काय होतं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

अशाच चाळणीनं बरं कामही होतं, ते सांगितलं नाही तर फाईल एकतर्फी होईल. महाराष्ट्र सरकारच्या 'लाडकी बहीण' योजनेच्या यादीत नोंदी ताडल्या, तेव्हा २०२५ साली १४ हजारांवर पुरुष निघाले. महिना १५०० रुपयांसाठी एवढे भाऊ बहिणी झाले होते. मी टेबलावर असतो तर एखाददुसरा पकडला असता. चौदा हजार पकडायला मला सात जन्म लागले असते आणि तेवढ्या जन्मांची पेन्शन कोण देणार? म्हणून माझ्या अडाणी बुद्धीला वाटतं, यंत्रानं संशय घ्यावा. खुशाल घ्यावा. पण संशय आला की नावावर फुली मारायची नाही, माणूस पाठवायचा. दारात जाऊन बघायचं, मोटार आहे की रिक्षा.

आषाढीचं उदाहरण घ्या. २०२५ च्या आषाढीला पंढरपुरात गर्दीचा अंदाज घ्यायला ड्रोन, कॅमेरे आणि ही बुद्धिमत्ता कामाला लावली होती. उत्तम केलं. घाटावर दाटी किती आणि कुठली वाट मोकळी करायची, हे माणसाच्या डोळ्याला दिसेपर्यंत चेंगराचेंगरी होऊन जाते. तिथं यंत्राचं हजार-पाचशे माणसांनी चुकलं तर विठ्ठल हिशेब मागत नाही. तेच चुकणं पेन्शनीच्या यादीत एकानं झालं, तर तो एक म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या अक्का असतात.

ऑस्ट्रेलियाच्या कागदावर मात्र मला अक्कांपुढं फळा मांडावा लागला. तिथल्या सरकारनं २०१५ पासून एक योजना चालवली, लोक तिला 'रोबोडेट' म्हणतात. सरकारी मदत घेणाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, पंधरवड्यांत सारखं वाटायचं आणि म्हणायचं की तू अमुक पंधरवड्यात कमावत होतास, तरी मदत घेतलीस; काढ पैसे. आता जो माणूस चार महिने राबतो आणि आठ महिने रिकामा असतो, त्याचं काय? सरासरीनं तो बारा महिने कमावतो. लाखो लोकांना वसुलीच्या नोटिसा गेल्या. पुढं चौकशी आयोग बसला, २०२३ मध्ये अहवाल आला, योजना क्रूर आणि बेकायदा ठरली.

अक्कांना पंधरवडा कळेना. मी म्हटलं, "आपल्या नळाला पाणी कधी येतं?"

"चार दिसांनी. कवा पाच."

"किती वेळ?"

"तीन घंटे. तेबी नशीब असलं तर."

"तर यंत्र चारनं भागणार आणि लिहिणार, रोज पाऊण तास पाणी येतं. मग तक्रार कसली करता?"

अक्का बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तेला सांग, आंगुळ बी सरासरीनं कर."

नेदरलँड्सचा कागद मी भरभर वाचला. मुलं सांभाळण्याच्या भत्त्यात घोटाळा केला म्हणून हजारो कुटुंबांवर खोटा शिक्का बसला, दुहेरी नागरिकत्वाची माणसं यंत्राला जास्त संशयित वाटली, आणि जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. मागं बसलेले एक सेवानिवृत्त पोस्टमन तेवढ्यात म्हणाले, "अख्ख्या?" त्यांचा विश्वास बसेना. माझाही बसला नव्हता. आमच्या कार्यालयात चुकीच्या दाखल्यापायी साध्या शिपायाची बदली झालेली मी पाहिली नाही.

फाईलीतला माझा लाडका कागद मुंबईचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं एक आयकर आकारणी रद्द केली. अधिकाऱ्यांनी आधाराला तीन न्यायनिवाडे दिले होते आणि ते तिन्ही निवाडे कुठल्याच न्यायालयानं कधीच दिलेले नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात तिनं दिलेलं डोळे झाकून घेऊ नका, पडताळून घ्या, असं न्यायालयानं बजावलं. मी कात्रण डिंकानं चिकटवलं आणि माझ्या वारसदाराला मनोमन सलाम केला. आम्ही असलेली फाईल गहाळ करायचो. नसलेली फाईल सापडवणं आम्हाला कधी जमलं नाही.

आता प्रश्न असा की दाद मागायची कुणाकडं? गंमत म्हणजे आपल्याकडं त्याचा कायदा आहे आणि तो चांगला आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. ठरलेला पदनिर्देशित अधिकारी असतो, त्याच्यावर पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. कसूर केली तर ५०० ते ५००० रुपये दंड. हा कायदा आला तेव्हा आमच्या जुन्या कार्यालयात तीन दिवस कुणी पान खाल्लं नव्हतं म्हणे, एवढा धसका होता. मला कुतूहल आहे ते एवढंच, की यंत्रानं नाकारलं तर पाचशे रुपये कुणाच्या खिशातून घ्यायचे? संगणक पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, आज्ञावली लिहिणाऱ्या पोराच्या, की 'संगणकात तसं आहे' म्हणून हात वर करणाऱ्या साहेबाच्या? माझं मत साहेबाच्या. यंत्र कितीही शहाणं असलं तरी खाली सही त्याची पाहिजे आणि सहीखाली कंसात नाव पाहिजे, वाचता येईल असं. माझी सही कोंबडीनं पाय ओढल्यासारखी होती. कंसातलं नाव मात्र टंकलिखित होतं आणि सगळं मरण तिथं होतं.

योगायोगानं त्याच नोव्हेंबरात केंद्र सरकारनं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारभारासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. सात सूत्रं आहेत. माणूस आधी, उत्तरदायित्व, समजेल अशी रचना, असं सगळं त्यात आहे. वाचून बरं वाटलं. फक्त मी सोलापूरचा. सात रस्त्याला उभं राहून नवख्या माणसानं पत्ता विचारला, तर आम्ही सातही रस्ते चांगले आहेत म्हणून सांगतो. तुझा कुठला, हे त्यानं सांगायचं असतं.

आणि सांगायचं म्हटलं तर भाषा आली. सरकारच्या सेवा व्हॉट्सॲपवर मिळणार, 'आपले सरकार' आता खिशात येणार, असं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झालं, तेव्हा मला आनंदच झाला. पायऱ्या चढायच्या वाचल्या. मागं एका सेवेच्या बोलक्या यंत्राशी मी सराव म्हणून बोलून बघितलं होतं. मराठी कळते म्हणाले होते. मी विचारलं, "पाणी कवा यायलंय?" पलीकडून एक गोड बाई म्हणाली, "कवायतीसंबंधी माहिती हवी असल्यास एक दाबा." मी परत म्हटलं, "कवायत नव्हे बाई, कवा यायलंय, कवा!" ती म्हणाली, "आपला आवाज स्पष्ट नाही." आमचा आवाज स्पष्ट नाही? सोलापूरकराचा? हुतात्मा बागेत बोललं तर पार्क चौकात ऐकू जातं! तिला पुण्याची मराठी शिकवली होती एवढंच. शेवटी मी नाक दाबून, सदाशिव पेठेत जन्मल्यासारखा, "पाणीपुरवठा कधी होईल?" असं विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "आपल्या विभागात पाणीपुरवठा सुरळीत आहे." नळ कोरडा होता. पण भाषा शुद्ध होती, दोन्हीकडून.

साडेबाराला सर्व्हर आला. पोरानं फ्लेक्सवर टॉवेल टाकला, भावी नगरसेवक झाकला गेला आणि मी दुसऱ्याच झटक्यात हयात झालो. मोबाईलवर संदेश आला. पोस्टमनही झाले.

अक्कांची पाळी. पोरगं भलं होतं. बोटं कोमट पाण्यात बुडवली, पुसली, खोबरेल लावलं. लाल. परत चेहरा. मोतीबिंदूचा एक डोळा पाण्यानं भरला होता, पापणी लवतच होती, यंत्राला काय वाटलं कोण जाणे. लाल. पोरगं म्हणालं, "अक्का, घेत न्हाई ओ. मी काय करू? परवादिवशी या."

'उद्या या'चा 'परवादिवशी' झालेला ऐकून माझा ऊर भरून आला. परंपरा टिकली होती.

अक्का उठल्या नाहीत. विचारलं, "का घेत न्हाई?"

"कारण येत न्हाई त्यात. नुस्तं लाल येतंय."

"मंग तेचा चेकर कोन हाय?"

"चेकर?"

"लाल करनारा. मानूस."

पोरानं माझ्याकडं बघितलं. मी फाईलीकडं बघितलं. "अक्का, माणूस नसतोय. सर्व्हर असतोय. लांब असतोय."

"किती लांब? हैदराबाद?"

"माहीत न्हाई. असंल कुठंतर."

अक्कांनी चष्मा डबीत घातला, डबी पिशवीत घातली, पदर खोचला. घरासाठी काढलेल्या मोर्चांत त्यांनी किती वेळा असा पदर खोचला असेल, त्याची नोंद कुठल्याच संगणकात नाही.

"पत्ता लिहून दे," त्या म्हणाल्या. "जाऊन येते की."

पोरगं हसलं. अक्का हसल्या नाहीत. मग त्यानं मोबाईल काढला आणि पत्ता शोधायला लागलं. मी निघालो तेव्हा एक वाजला होता आणि ते अजून शोधायलंच होतं.